फ्रँक ओ'कॉनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश लेखक म्हटलं की आपल्याकडे जॉइस, यीट्स, बर्नार्ड शॉ, फार तर बेकेट इथवर यादी जाते आणि थांबते. कथेवर प्रेम करणाऱ्या मित्रमैत्रिणींना मी गेली काही वर्षं फ्रँक ओ'कॉनरच्या कथा वाचायला देतो आहे. त्यावर फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते आणि त्यांची उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो. हा लेखक डोळ्यांपेक्षा कानाने लिहिणारा आहे, असं माझं मत आहे. खालच्या बऱ्याच उत्तरांत ते डोकावेल.

हा फ्लॅनरी ओ'कॉनरचा कोण?

कोणीच नाही. फ्लॅनरी ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली, फ्रँक आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातला. दोघं कॅथलिक, दोघं कथाकार आणि आडनाव एक, म्हणून हा घोळ होतो. आणखी एक फ्रँक ओ'कॉनर इंटरनेटवर सापडेल. तो नट होता, अमेरिकन लेखिका आयन रँडचा नवरा. त्याचाही इथे संबंध नाही.

मग खरं नाव काय? टोपणनाव कशाला?

मायकल ओ'डोनोव्हन. जन्म १७ सप्टेंबर १९०३, कॉर्कमधल्या डग्लस स्ट्रीटवर. टोपणनावातलं 'फ्रँक' त्याच्याच मधल्या नावातून, फ्रान्सिसवरून आलं. 'ओ'कॉनर' हे आईचं माहेरचं आडनाव.

टोपणनावामागचं कारण अगदी नोकरदारी आहे. १९२५ च्या आसपास त्याच्या कविता आणि लेख 'आयरिश स्टेट्समन' साप्ताहिकात छापून यायला लागले, तेव्हा तो सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला होता. त्याच सुमारास लेनॉक्स रॉबिन्सन या नाटककाराची ग्रंथालय खात्यातली जागा एका कथेपायी गेली होती, आणि ग्रंथालयाच्या कामात ओ'कॉनरला आणलं होतं ते याच रॉबिन्सनने. साहेबाची ही गत झाल्यावर नवशिक्या कारकुनाने नाव बदललं नसतं तरच नवल. आपल्याकडेही सरकारी नोकरीतल्या कित्येक कवींनी हेच केलं.

पण टोपणनावासाठी हवं ते आडनाव घेता आलं असतं. त्याने आईचं घेतलं आणि बापाचं टाकलं, यात पुढचं बरंच काही येऊन गेलं.

बालपण खरंच इतकं गरिबीत गेलं होतं का, की आत्मचरित्रात रंगवलं आहे?

गरिबी खरी होती. वडील मिक ओ'डोनोव्हन ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेला शिपाई. नंतर मजुरी करायचा, बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. दारू चढेपर्यंत माणूस बरा. एकदा सुरू झाला की पगार संपायचा, पेन्शन संपायची, मग घरातल्या वस्तू गहाणवटीच्या दुकानात जायच्या. आई मिनी अनाथाश्रमात, जोगिणींच्या हाताखाली वाढलेली. लोकांकडे धुणीभांडी, झाडलोट करून तिने घर चालवलं. मुलगा एकुलता एक. 'अॅन ओन्ली चाइल्ड' हे त्याचं १९६१ चं आत्मचरित्र. त्याचं नावच एकुलता असलं तरी पुस्तकाची नायिका आई आहे. अनाथाश्रमातून वेगवेगळ्या घरांत कामाला पाठवलेली ती पोर, तिच्या मालकिणी, तिची तऱ्हा, हे सगळं तो जसं सांगतो, ते वाचून वाटतं की लेखक आधी ती होती, याने फक्त लिहून घेतलं.

मुलगा चष्मिष्ट, भित्रा, आईच्या पदराला धरून असणारा. (पदर माझा. कॉर्कमध्ये एप्रन असणार.) इंग्लंडहून येणारी स्वस्तातली साप्ताहिकं वाचून तो तिथल्या श्रीमंत बोर्डिंग शाळांतल्या मुलांची स्वप्नं पाहायचा. ती मुलं चुगली करत नाहीत, खोटं बोलत नाहीत, मार खाऊनही रडत नाहीत. कॉर्कच्या गल्लीत हा तसंच वागायला गेला आणि त्याला जास्तच मार बसला. त्याच्या विनोदी कथांचं बी हेच आहे. भलत्या पुस्तकातले नियम पाळणारा मुलगा आणि ते नियम माहीतच नसलेलं जग.

शाळा चौदाव्या वर्षीच सुटली म्हणतात. मग एवढं शिकला कुठे?

तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे डॅनिएल कॉर्करी नावाचे मास्तर. पायाने किंचित लंगडे, स्वतः लेखक. एके दिवशी त्यांनी फळ्यावर आयरिश भाषेतलं एक वाक्य लिहिलं. 'बान्बा, हिंमत धर, जागी हो' असा त्याचा अर्थ होता. बान्बा हे आयर्लंडचं जुनं काव्यातलं नाव. इंग्रजी शाळेत, इंग्रजी अमलाखाली, मास्तर आजीच्या भाषेत फळ्यावर लिहितात याचा पोरावर जो परिणाम व्हायचा तो झाला. घरी आजीच्या तोंडी असलेली भाषा, जिची त्याला लाज वाटायची, ती एकदम गुप्त खजिना झाली.

दुसरं, कॉर्कचं कार्नेगी ग्रंथालय. डिसेंबर १९२० मध्ये ब्रिटिशांच्या दलांनी शहराचा मध्यभाग जाळला, त्यात नगरभवनाबरोबर हे ग्रंथालयही गेलं. जो मुलगा विद्यापीठात जाऊ शकत नाही, त्याच्या लेखी ही किती मोठी गोष्ट असेल हे वेगळं सांगायला नको.

तिसरं ठिकाण तुरुंग. त्याबद्दल खाली.

मधल्या काळात त्याने रेल्वेत कारकुनी केली आणि ती धड जमली नाही. धांदरट, डोळे कमजोर, मन भलतीकडे. तिथून त्याची सुट्टी झाली.

तो खरंच बंदूक घेऊन लढला का?

लढला म्हणण्यापेक्षा लढाईत वावरला. पंधरा-सोळाव्या वर्षी आयरिश रिपब्लिकन आर्मीत भरती झाला, पण स्वातंत्र्ययुद्धात त्याच्या वाट्याला आली ती किरकोळ कामं. १९२१ च्या डिसेंबरात ब्रिटनशी तह झाला, आणि तह मान्य की अमान्य यावरून आयरिश लोक आपसात लढले. १९२२-२३ चं हे यादवी युद्ध. ओ'कॉनर तहाच्या विरोधात होता. कॉर्कमध्ये तो प्रचाराच्या कामात होता, बातमीपत्रं काढायची, निरोप पोचवायचे. आपण सैनिक म्हणून किती निरुपयोगी होतो हे त्याने स्वतःच मजेत लिहिलं आहे.

मजा मात्र पकडला जाईपर्यंतच. १९२३ च्या सुरुवातीला त्याला अटक झाली. आधी कॉर्कचा तुरुंग, मग डब्लिनच्या उत्तरेला गॉर्मन्स्टनची छावणी. कॉर्कच्या तुरुंगात त्याने मारहाणीने चेहरा सुजलेला एक कोवळा कैदी पाहिला, आणि काही दिवसांनी त्या मुलाला गोळी घातली गेली. गोळी घालणारे इंग्रज नव्हते. कालपर्यंतचे आपलेच. ओ'कॉनरच्या मनातली हुतात्म्यांची कविता तिथे संपली.

छावणीत त्याने आयरिश शिकवलं, व्याकरणं वाचली, वाद घातले. खऱ्या अर्थाने कॉलेज म्हणावं तर हेच. कैद्यांनी सामूहिक उपोषण करायचं ठरवलं तेव्हा हा विरोधात उभा राहिला. देशासाठी मरण्यापेक्षा जगणं त्याला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं होतं. सगळी छावणी एकीकडे असताना हे म्हणायला बंदूक चालवण्याहून जास्त धैर्य लागत असावं.

पुढे १९३७ मध्ये त्याने मायकल कॉलिन्सचं चरित्र लिहिलं, 'द बिग फेलो'. कॉलिन्स तहाच्या बाजूचा, म्हणजे यादवी युद्धात ओ'कॉनरचा शत्रूपक्ष. ते चरित्र प्रेमाने लिहिलेलं आहे. मी त्याला प्रायश्चित्त समजतो.

'गेस्ट्स ऑफ द नेशन' या कथेचं एवढं नाव का?

कथा आधी 'अटलांटिक मंथली'त आली आणि १९३१ मध्ये त्याच नावाचा त्याचा पहिला संग्रह निघाला. नावाचा अर्थ राष्ट्राचे पाहुणे. ज्यांना कथा आधी वाचायची आहे त्यांनी हे उत्तर सोडून द्यावं, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला यावर बोलता येत नाही.

काळ स्वातंत्र्ययुद्धाचा. खेड्यातल्या एका म्हातारीच्या घरात दोन इंग्रज सैनिक ओलीस ठेवले आहेत, बेल्चर आणि हॉकिन्स. पहाऱ्यावर दोन आयरिश पोरं, नोबल आणि कथा सांगणारा बोनापार्ट. संध्याकाळ झाली की पत्ते निघतात. हॉकिन्स बडबड्या, नास्तिक, भांडवलदार आणि पाद्री यांच्या नावाने शंख करणारा. नोबल धार्मिक, भाऊ धर्मगुरू. दोघांची स्वर्ग आहे की नाही यावर रोज रात्री जुंपते. बेल्चर आडदांड आणि अबोल. तो म्हातारीच्या मागे मागे फिरून तिला सरपण फोडून देतो, घागर उचलून देतो. पहारा कोण देतंय आणि कैदी कोण, हेच काही दिवसांनी कळेनासं होतं.

मग वरून हुकूम येतो. इंग्रजांनी आपली माणसं मारली, बदल्यात या दोघांना संपवा. हुकूम आणणाऱ्या माणसाचं नाव जेरमाया डोनोव्हन. लेखकाने आपलं खरं आडनाव कथेत कोणाला दिलंय ते पाहा.

रात्री दलदलीच्या कडेला घेऊन जातात. हॉकिन्सला शेवटपर्यंत ही थट्टा वाटते. मित्र मित्राला मारतो होय? त्याला गोळी लागते. बेल्चर स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधायला लागतो. रुमाल लहान पडतो. तो बोनापार्टकडे त्याचा रुमाल मागतो, दोन्हींची गाठ मारतो. तेवढ्यात हॉकिन्स अजून पुरता मेलेला नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि त्याला आणखी एक गोळी घाला असं तोच सुचवतो. हॉकिन्सचा डावा गुडघा हळूहळू वर उठत असतो.

हे दोन रुमाल आणि तो गुडघा यासाठी कथा मोठी आहे. युद्ध वाईट, माणुसकी श्रेष्ठ वगैरे कुणीही लिहील. मारणाऱ्याचा रुमाल मरणाऱ्याच्या डोळ्यांवर, तोही मागून घेतलेला, हे सुचायला ओ'कॉनर लागतो. कथेत कोणी दुष्टही नाही. डोनोव्हनसुद्धा हुकमाचा ताबेदार. घरात म्हातारी गुडघे टेकून प्रार्थना करते, नोबल शेकोटीपाशी टेकतो. बोनापार्ट मात्र बाहेर येऊन एकटाच उभा राहतो.

ही कथा आयझॅक बाबेल या रशियन लेखकाच्या 'रेड कॅव्हलरी'च्या नादात, त्याची नक्कल करत लिहिली, असं ओ'कॉनरने मुलाखतीत उघड सांगून टाकलं आहे. हा मोकळेपणा लेखकांत दुर्मिळ. या कथेवर १९३५ मध्ये आयर्लंडमध्ये मूकपट निघाला, आणि नील जॉर्डनच्या 'द क्राइंग गेम' (१९९२) या चित्रपटाची ठिणगीही इथलीच.

पोट कशावर भरायचा?

ग्रंथपाल म्हणून. स्लायगो आणि विक्लो इथे उमेदवारी, मग कॉर्क जिल्ह्याचा ग्रंथपाल, आणि १९२८ पासून दहा वर्षं डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या पेम्ब्रोक ग्रंथालयात. १९३८ मध्ये नोकरी सोडून तो पूर्णवेळ लेखक झाला आणि लगेच पैशांची चणचण सुरू झाली.

यीट्स त्याला आयर्लंडचा चेकॉव्ह म्हणाला होता, हे खरं का?

जवळपास. चेकॉव्हने रशियासाठी जे केलं ते ओ'कॉनर आयर्लंडसाठी करतो आहे, असं यीट्स म्हणाल्याचं प्रसिद्ध आहे. प्रकाशकांनी ते वाक्य पुस्तकांच्या पाठीवर इतकं छापलं की आता त्याचं गुळगुळीत नाणं झालं आहे.

दोघांचा संबंध यापेक्षा जास्त रंगतदार होता. ओ'कॉनर जुन्या आयरिश कवितांची इंग्रजी भाषांतरं करायचा. १९३२ मध्ये यीट्सच्या बहिणीच्या कुआला प्रेसने त्यांचं पुस्तक काढलं. यीट्स त्या ओळींवर हात फिरवायचा आणि काही आवडलं तर ते त्याच्या स्वतःच्या कवितेत जाऊन बसायचं. १९३५ मध्ये ओ'कॉनर डब्लिनच्या अॅबी थिएटर या नाट्यसंस्थेच्या संचालक मंडळावर गेला. तिथले वाद, कुरघोड्या, गटबाजी यांची हकीकत 'माय फादर्स सन' या आत्मचरित्राच्या दुसऱ्या भागात आहे. आपल्याकडच्या कुठल्याही नाट्यसंस्थेत काम केलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. १९३९ च्या जानेवारीत यीट्स गेला आणि त्याच वर्षी ओ'कॉनरलाही तिथून बाहेर पडावं लागलं.

त्याच्या पुस्तकांवर बंदी का आली?

१९२९ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये सेन्सॉर मंडळ आलं. 'अश्लील' या एका शब्दात ते कोणालाही झोपवू शकत होतं. 'डच इंटीरियर' ही कादंबरी १९४० मध्ये गेली, 'द कॉमन कॉर्ड' हा संग्रह १९४७ मध्ये, 'ट्रॅव्हलर्स सॅम्पल्स' १९५१ मध्ये. आज ही पुस्तकं वाचताना अश्लील काय ते भिंग घेऊन शोधावं लागतं. लग्नाआधीचं प्रेम, लग्नानंतरचं एकटेपण, पाद्र्यांची माणसासारखी वागणूक, एवढाच गुन्हा.

सगळ्यात गमतीचं प्रकरण 'द मिडनाइट कोर्ट'चं. ब्रायन मेरिमन या अठराव्या शतकातल्या शिक्षकाची ही आयरिश भाषेतली दीर्घ कविता. बायका परीराणीच्या दरबारात पुरुषांवर खटला भरतात, हे लग्न करत नाहीत, केलं तर म्हातारपणी करतात आणि मग कामाचे नसतात. ओ'कॉनरचं इंग्रजी भाषांतर १९४५ मध्ये आलं आणि १९४६ मध्ये त्यावर बंदी. मूळ आयरिश कविता मात्र दुकानात खुशाल मिळत होती. राष्ट्रभाषेत जे अभिजात, तेच इंग्रजीत अश्लील. सरकारी तर्क सगळीकडे सारखाच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याची रेडिओवरची कामंही आटली. तेव्हा तो वर्तमानपत्रात 'बेन मेयो' या आणखी एका टोपणनावाने सदर लिहायचा.

लहान मुलांच्या तोंडून सांगितलेल्या कथा एवढ्या लोकप्रिय का आहेत? त्या मुलांसाठी आहेत का?

मुलांसाठी नाहीत. पण मुलांनाही आवडतात.

'फर्स्ट कन्फेशन' घ्या. सात वर्षांचा जॅकी पहिल्यांदा पापकबुलीला निघाला आहे. गोव्यातले वाचक याला कुमसार म्हणतील, त्यांना प्रसंग लगेच डोळ्यांपुढे येईल. खेड्यातून आलेली आजी घरात अनवाणी फिरते, बटाटे हाताने खाते, काळी बिअर पिते, आणि जॅकीला तिचा खून करायचा आहे. तसा बेतही तयार आहे. चर्चमधल्या अंधाऱ्या खोक्यात शिरल्यावर गुडघे कुठे टेकायचे ते त्याला कळत नाही. कोपर टेकायची फळी त्याला उंचावर दिसते. हीच ती, असं समजून तो वर चढतो आणि धाडकन बाहेर येऊन पडतो. मोठी बहीण नोरा सगळ्यांदेखत कानाखाली वाजवते. पाद्री मात्र खुनाचा बेत गंभीरपणे ऐकून घेतो, फाशी फार वाईट असते असं समजुतीने सांगतो आणि जाताना खिशातून गोळ्या काढून देतो. नोराला भयंकर राग येतो. आयुष्यभर चांगलं वागून उपयोग काय, असं तिला वाटतं. घराघरातली थोरली ही ओळ ऐकून मान हलवेल.

'द ड्रंकर्ड'मध्ये आई मुलाला बापाबरोबर अंत्ययात्रेला पाठवते, बाप दारूच्या गुत्त्यात अडकू नये म्हणून. मुलगा तहानेला आहे. लेमोनेड संपतं. बापाची पाठ वळल्यावर तो बापाचाच ग्लास रिकामा करतो. शेवटी झिंगलेल्या पोराला भरगल्लीतून घरी न्यायची पाळी शुद्धीवर असलेल्या बापावर येते. दाराआडून बायका बघताहेत, बापाची अब्रू जाते आहे. आणि सगळं कळल्यावर आई पोरालाच बापाचा रक्षक देवदूत म्हणते. लेखकाच्या बापाबद्दल वर लिहिलंय ते आठवून ही कथा पुन्हा वाचा. आयुष्यात जे हसण्यासारखं नव्हतं ते त्याने असं वळवलं आहे.

'माय ईडिपस कॉम्प्लेक्स'मधला लॅरी युद्धावरून बाप सुखरूप यावा म्हणून प्रार्थना करतो आणि तो आल्यावर पस्तावतो, कारण सकाळी आईच्या बिछान्यात आता या माणसाचा हिस्सा. या लॅरीने स्वतःच्या दोन पायांना डावी बाई आणि उजवी बाई अशी नावं ठेवली आहेत आणि रोज सकाळी पांघरुणाखाली तो त्यांच्यात चर्चा घडवून आणतो. पुढे धाकटा भाऊ जन्मतो, आणि आईच्या बिछान्यातून हकालपट्टी झालेला बाप लॅरीशेजारी येऊन झोपतो. दोन हरलेले पुरुष.

माझी एक तक्रारही आहे. या कथा इतक्या गाजल्या की अभ्यासक्रमांत त्यांनी बाकीच्यांना झाकून टाकलं. 'द लाँग रोड टू उमेरा' फार जणांनी वाचलेली नसते. शहरात मुलाकडे राहणाऱ्या एका म्हातारीला आपल्या डोंगरातल्या गावी पुरलं जायचं आहे, त्यासाठी ती पैपैसा साठवते, आणि वाट चुकून कशी चालेल म्हणून न्यायचा रस्ताही सांगून ठेवते. मला विचाराल तर त्याची सर्वोत्तम कथा हीच.

एकच कथा वेगवेगळ्या पुस्तकांत वेगळी का छापली आहे? चूक आहे का?

चूक नाही, खोड आहे. ओ'कॉनर कथा लिहायचा, पुन्हा लिहायचा, मासिकात छापून आली की पुन्हा लिहायचा आणि पुस्तकात आली की परत सुधारायचा. 'गेस्ट्स ऑफ द नेशन'ची १९३१ ची प्रत आणि १९५० च्या दशकातली प्रत शेजारी ठेवली तर वाक्यं आवळलेली दिसतात, बोलीचा झणका कमी झालेला दिसतो. कोणती प्रत सरस यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला जुनी आवडते. जरा ओबडधोबड आहे, पण सांगणारा तरुण आहे हे तिच्यात ऐकू येतं.

त्याची पद्धत अशी. विषय चार ओळींत मांडता आला पाहिजे. चार ओळींत मावत नसेल तर ती कथा नव्हे. पात्रांची नावगावं नंतर. मग भराभर एक कच्चा खर्डा, काहीही लिहायचं, सांगाडा दिसेपर्यंत. आणि मग पुनर्लेखन, कथेचा सूर लागेपर्यंत. सूर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बीबीसी आणि आयरिश रेडिओवर तो स्वतः कथा वाचायचा. छापील कथेतून बोलणाऱ्या माणसाचा आवाज हरवला आहे, ही त्याची कायमची खंत होती.

'द लोन्ली व्हॉइस' हे पुस्तक नेमकं काय सांगतं?

कथा या प्रकारावरचं हे त्याचं पुस्तक, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचं, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अध्यापनातून उगवलेलं. मुख्य म्हणणं असं की कथा म्हणजे लहान कादंबरी नव्हे. कादंबरीला नायक लागतो आणि त्याच्याभोवती एक नांदता समाज लागतो. कथेला नायक नसतो. तिच्यात असतात समाजाच्या कडेला ढकललेली, बुडाल्यासारखी झालेली माणसं. गोगोलचा कोट हरवलेला कारकून, तुर्गेनेव्हचे भूदास, मोपासाँच्या वेश्या, चेकॉव्हचे डॉक्टर आणि मास्तर. या माणसांच्या एकटेपणाची जाणीव कथेइतकी तीव्र कादंबरीत येत नाही.

किपलिंगवरचं प्रकरण आपण वाचायलाच हवं. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाला ओ'कॉनर धारेवर धरतो. किपलिंग कधीच एका माणसाशी बोलत नाही, समोर जमाव असल्यासारखा बोलतो, त्याला एकटेपण सोसत नाही, असा त्याचा आरोप. कॅथरीन मॅन्सफिल्डवर मात्र त्याने अन्याय केला आहे असं मला वाटतं. सिद्धांतात न बसणाऱ्यांना तो सहज कडेला ढकलतो, हे या पुस्तकातलं उणं.

अमेरिकेशी त्याचा संबंध कसा आला?

पैशामुळे आणि बंदीमुळे. १९४५ पासून 'न्यू यॉर्कर' त्याच्या कथा छापायला लागलं आणि त्याच्या कथांवर पहिला हक्क या साप्ताहिकाचा राहिला. घरी बंदी, तिकडे मान आणि मोबदला. १९५० च्या दशकात त्याने नॉर्थवेस्टर्न आणि हार्वर्डमध्ये शिकवलं, १९६१ मध्ये स्टॅनफर्डला. तिथे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला केन केसी त्याच्या वर्गात होता. तिथेच त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तो आयर्लंडला परतला.

लग्न, मुलं?

दोन लग्नं. पहिलं १९३९ मध्ये वेल्श नटी एव्हलिन बोवेनशी, ते मोडलं. दुसरं १९५३ मध्ये हॅरिएट रिच या अमेरिकन तरुणीशी. आई १९५२ पर्यंत होती.

शेवट कसा झाला? आज त्याची काय आठवण आहे?

शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाला १९६२ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने मानद डॉक्टरेट दिली आणि पुढे तिथे त्याने आयरिश साहित्यावर व्याख्यानंही दिली. १९६५ मध्ये यीट्सच्या जन्मशताब्दीला ड्रमक्लिफच्या कबरीपाशी भाषण करायला त्यालाच बोलावलं. १० मार्च १९६६ रोजी डब्लिनमध्ये तो गेला.

कॉर्कच्या डग्लस स्ट्रीटवर आज त्याच्या नावाचं घर आहे, तिथे मन्स्टर लिटरेचर सेंटर चालतं. या संस्थेने २००५ ते २०१५ या काळात कथासंग्रहासाठी त्याच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला. २००६ मध्ये तो हारुकी मुराकामीला मिळाला. २००८ मध्ये परीक्षकांनी अंतिम यादी वगैरे न काढता थेट झुंपा लाहिरीच्या 'अनअकस्टम्ड अर्थ'ला दिला. स्थलांतरित बंगाली घरांतली ती एकटी माणसं ओ'कॉनरच्या व्याख्येत चपखल बसतात.

मराठीत भाषांतर करायचं असेल तर?

आधी कायद्याचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठी २०२६ च्या अखेरपर्यंत. मृत्यूनंतर आलेल्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून मोजतात. आयर्लंडमध्ये ७० वर्षांचा हिशोब आहे, तेव्हा तिकडेही छापायचं असेल तर परवानगी घ्यावी लागेल.

खरी अडचण पुढे आहे. मी 'गेस्ट्स ऑफ द नेशन'चं पहिलं पान मराठीत करून पाहिलं. दोन्ही इंग्रज सैनिक आयरिश पोरांना 'चम' म्हणतात आणि त्यांच्या संगतीने ही पोरंही तो शब्द उचलतात. संपूर्ण कथा या एका संबोधनावर तोललेली आहे, कारण शेवटी दलदलीपाशी बेल्चर त्याच शब्दाने हाक मारतो. 'मित्रा' केलं तर नाटकातलं वाटतं. 'दोस्त' बरा, पण त्याला हिंदी सिनेमाचा वास. 'गड्या' गोड आहे, पण लंडनचा शिपाई एकदम सातारकडचा होतो. 'भावा' आजचं, मोबाइलवरचं. 'यार' तर नकोच. शब्द असा हवा की पत्ते पिसताना सहज तोंडात येईल आणि गोळी घालताना ऐकवणार नाही. वहीत सध्या 'दोस्ता' आहे, पेन्सिलीने.